तिजोरीत नसलेला आकडा : सोव्हिएत लष्करी खर्चाचा अंदाज आणि त्याचं ओझं

मागच्या व्याख्यानात आपण शीतयुद्धातल्या अण्वस्त्रांच्या मोजदादीविषयी बोलत होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं, "क्षेपणास्त्रं वरून मोजता येतात हे कळलं, पण त्यांच्यावर सोव्हिएत संघानं पैसा किती ओतला, हे कुणाला कसं कळणार?" वेळ संपत आली होती म्हणून आम्ही तो प्रश्न पुढच्या खेपेवर टाकला. आज तोच घेऊन बसू.

आधीच सांगून टाकतो, आम्ही अर्थशास्त्राचे नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयावरचं वाचन जसजसं वाढत गेलं तसतसं लक्षात आलं, की इथं पैशाच्या प्रश्नाच्या पोटात ज्ञानाचा प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं केव्हा म्हणता येतं? आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं, चार प्रमाणं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, खुणेवरून ताडलेलं, सारखेपणावरून ओळखलेलं आणि विश्वासू माणसानं सांगितलेलं. आणि मराठीत गंमत बघा, 'प्रमाण' याच शब्दाचा दुसरा अर्थ एकाशी दुसऱ्याचं गुणोत्तर, टक्केवारी असा होतो. राष्ट्रीय उत्पन्नाशी लष्करी खर्चाचं प्रमाण किती, आणि त्याला प्रमाण काय, असे दोन्ही प्रश्न आज आपल्यापुढं आहेत.

तर आधी शब्दप्रमाण. सोव्हिएत सरकार स्वतः काय सांगत होतं?

दरवर्षी सर्वोच्च सोव्हिएतपुढं अर्थसंकल्प मांडला जाई. त्यात 'संरक्षण' या शीर्षकाखाली एक ओळ असे. एकच ओळ. किती रणगाडे, किती पाणबुड्या, किती पगार, काही फोड नाही. १९७० मध्ये त्या ओळीत १७.९ अब्ज रुबल होते. १९८० मध्ये १७.१ अब्ज. म्हणजे दहा वर्षांत खर्च थोडा कमीच झाला, असं हा आकडा सांगतो. याच दहा वर्षांत सोव्हिएत संघानं अण्वस्त्रांत अमेरिकेशी बरोबरी गाठली, एसएस-१८ सारखी अजस्त्र क्षेपणास्त्रं उभी केली, युरोपच्या रोखानं एसएस-२० तैनात केली, महासागरांत फिरणारं आरमार वाढवलं, आणि १९७९ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात फौजा घातल्या. हे सगळं करून खर्च मात्र उतरला! घरात माणसं वाढली, दोन मजले चढले, आणि किराण्याचं बिल कमी आलं, असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू?

ही सवय जुनी होती. १९३२ मध्ये जिनिव्हाला निःशस्त्रीकरण परिषद भरली. त्या सुमाराला, म्हणजे १९३१ ते १९३४ या वर्षांत, सोव्हिएत सरकारनं जाणूनबुजून कमी केलेले लष्करी आकडे छापले. पुढं अभिलेखागारं उघडल्यावर आर. डब्ल्यू. डेव्हिस या ब्रिटिश इतिहासकारांनी हे तपशीलवार दाखवलं. पण स्वतः मार्शल तुखाचेव्हस्की यांनीच १९३६ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की १९३४ चा प्रत्यक्ष खर्च ५ अब्ज रुबल होता. अर्थसंकल्पात छापलेला आकडा त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास होता.

मग उरलेला पैसा कुठं जाई? काही 'विज्ञान' या शीर्षकाखाली, काही 'राष्ट्रीय अर्थव्यवस्था' या पोतडीत. खात्यांची नावंसुद्धा अशी, की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. अण्वस्त्रं बनवणाऱ्या मंत्रालयाचं नाव होतं 'मध्यम यंत्रनिर्मिती मंत्रालय'. क्षेपणास्त्रं बनवणारं 'सर्वसाधारण यंत्रनिर्मिती मंत्रालय'. कारखान्यांना नावाऐवजी टपालपेटीचा क्रमांक. साऱोव्ह हे अणुबॉम्बचं शहर नकाशावरून पुसलं गेलं आणि कागदोपत्री 'अर्झामास-१६' झालं. तेव्हा शब्दप्रमाण इथं बाद. सांगणारा विश्वासू असला तरच त्याचा शब्द प्रमाण, ही अटच इथं पुरी होत नव्हती.

आता दुसरं, प्रत्यक्ष. अमेरिकेच्या सीआयएनं १९५६ पासून यू-२ विमानं सोव्हिएत भूमीवरून उडवली. १९६० च्या मे महिन्यात त्यातलं एक पाडलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोरोना उपग्रहानं काढलेल्या फोटोंची फिल्म हाती आली. तिथून पुढं वरून बघण्याचं तंत्र सुधारतच गेलं. क्षेपणास्त्रांची भुयारं, विमानतळांवरची विमानं, छावण्यांतले रणगाडे मोजता येऊ लागले. सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत पाणबुड्या झाकलेल्या दालनांत बांधल्या जात. पण पाण्यात उतरवताना तरी बाहेर काढाव्या लागत. ही मोजणी बऱ्यापैकी भरवशाची होती.

पण आता बघा, रणगाडा दिसतो. रणगाड्याची किंमत दिसत नाही. उपग्रहाला रुबल दिसत नाही. कारखान्यात किती पोलाद वाया गेलं, किती अभियंत्यांचे किती महिने गेले, हे कुठल्याच फोटोत येत नाही. तेव्हा मोजलेल्या वस्तूंपासून पैशापर्यंत जायचं कसं? इथून खरी अवघड वाट सुरू होते.

सीआयएनं एक पद्धत बसवली. विटा रचत जावं तशी. सोव्हिएत सैन्याची एकेक वस्तू घ्यायची, म्हणजे डिव्हिजन, जहाज, विमान, तळ. मग विचारायचं, हीच वस्तू अमेरिकेत बनवली किंवा सांभाळली तर किती डॉलर पडतील? सगळ्यांची बेरीज केली की डॉलरमधला एकूण आकडा. हे झालं उपमान. गवय हा प्राणी गाईसारखा असतो असं ऐकून रानात गवय ओळखायचा, तसा हा व्यवहार.

यातली मेख सैनिकाच्या पगारात नीट दिसते. सोव्हिएत सक्तीभरतीच्या जवानाला महिन्याला चार रुबलांच्या आसपास हातखर्च मिळे. बिडी-काडीचा खर्च म्हणा ना. डॉलरच्या हिशोबात मात्र त्याच जवानाला अमेरिकन सैनिकाचा पगार लावला जाई. अशा सुमारे ४० लाख माणसांच्या सैन्याला! त्यात अमेरिकेनं १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली आणि माणसं मिळावीत म्हणून आपल्या सैनिकांचे पगार वाढवले. झालं काय, की अमेरिकेत पगार वाढले आणि कागदावर सोव्हिएत संघाचा खर्च वाढला. मॉस्कोत एक रुबलही इकडचा तिकडं झालेला नव्हता.

टफ्ट्स विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ फ्रँकलिन होल्झमन यांनी या मुद्द्यावर वर्षानुवर्षं टीका केली. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. प्रत्येक देश आपल्याकडं जे स्वस्त ते जास्त वापरतो. सोव्हिएत संघात माणूस स्वस्त, म्हणून माणसं जास्त. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक्स तुलनेनं स्वस्त, म्हणून यंत्रं जास्त. एकाची टोपली दुसऱ्याच्या बाजारभावानं तोलली की ती नेहमी जड भरते. सीआयएच्याच हिशोबात १९७९ च्या सुमाराला सोव्हिएत खर्च डॉलरमध्ये अमेरिकेच्या सुमारे दीडपट दिसे. तोच रुबलमध्ये तोलला तर साधारण ३० टक्क्यांनी जास्त. सैन्यं तीच, वर्ष तेच, तराजू बदलला की उत्तर वेगळं. आणि अमेरिकन काँग्रेसमधल्या भाषणांत यातला कुठला आकडा जास्त गाजला असेल, हे सांगायला नको.

पण सोव्हिएत समाजावर ओझं किती, हे कळायला डॉलर उपयोगाचा नाही. त्यासाठी रुबल हवा. म्हणून वस्तूंवरून रुबलकडं जायचं, आणि हे अनुमान. डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे, हे आपलं शाळकरी उदाहरण. पण नैयायिक लगेच विचारतात, धूर आणि आग यांचा अतूट संबंध तुला आधी ठाऊक आहे का? या संबंधाला ते व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की नसेल तर धूर कितीही स्पष्ट दिसो, अनुमान लटकंच. सीआयएला धूर उत्तम दिसत होता. अमुक रणगाडा म्हणजे अमुक रुबल, ही व्याप्ती मात्र थोड्याशा, जुन्या झालेल्या किमतींवर उभी होती.

१९७६ मध्ये ती कोसळली. नवी माहिती हाती आल्यावर सीआयएनं सोव्हिएत खर्चाचा रुबलमधला अंदाज जवळजवळ दुप्पट केला. राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचं प्रमाण आधी ६ ते ८ टक्के धरलं होतं, ते ११ ते १३ टक्के झालं. आता नीट ऐका. एकही नवा रणगाडा सापडला नव्हता. या वाढीतला सुमारे ९० टक्के भाग निव्वळ किमतींविषयीची समजूत बदलल्यामुळं होता. वस्तू तेवढ्याच, पण त्या बनवायला आपण समजत होतो त्याच्या दुप्पट पैसा लागत होता.

याचा सरळ अर्थ काय? सोव्हिएत शस्त्रोद्योग आपल्याला वाटत होता तितका कार्यक्षम नाही. प्रतिस्पर्धी दमलेला आहे. पण वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच जणांनी ते उलटं वाचलं : "बघा, रशिया दुप्पट खर्च करतोय!" त्याच वर्षी हार्वर्डचे इतिहासकार रिचर्ड पाइप्स यांच्या नेतृत्वाखाली 'टीम बी' नावाची बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसली होती. तिनं सोव्हिएत हेतूंविषयी फार काळं चित्र काढलं. पुढं १९८३ मध्ये सीआयएनं आणखी एक दुरुस्ती केली. १९७६ नंतर सोव्हिएत खर्च वर्षाला ४-५ टक्क्यांनी नव्हे, सुमारे २ टक्क्यांनीच वाढला, आणि नव्या शस्त्रांची खरेदी तर जवळजवळ ठप्प होती. ही दुरुस्ती आली तोवर रेगन सरकारची शस्त्रवाढ जोरात सुरू झाली होती. गाडी निघून गेल्यावर वेळापत्रकातली चूक सापडावी, तसं झालं.

सीआयएवर दोन्ही बाजूंनी मारा होत होता, हेही सांगायला हवं. होल्झमन म्हणत, आकडा फार मोठा. विल्यम ली आणि स्टीव्हन रोजफिल्ड म्हणत, फार लहान. इगॉर बिरमन हे स्वतः सोव्हिएत संघातून आलेले अर्थतज्ज्ञ. त्यांनी वेगळीच दुखरी जागा दाखवली. ते म्हणाले, तुम्ही सगळे अंशावर भांडताय, छेदाकडं बघा. सीआयए सोव्हिएत अर्थव्यवस्था अमेरिकेच्या निम्म्याहून थोडी जास्त धरते, ती प्रत्यक्षात बरीच लहान आहे. मग तेवढ्याच खर्चाचं ओझं कितीतरी जड.

छेदाचा हा प्रश्न सोव्हिएत संघातच १९८७ मध्ये फुटला. 'नोवी मीर' या मासिकात वसिली सेल्युनिन आणि ग्रिगोरी खानिन यांचा 'लबाड आकडा' या अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. सरकारी हिशोबाप्रमाणं १९२८ पासून १९८५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ९० पट वाढलं होतं. या दोघांच्या हिशोबानं, सहा-सात पट. आपण टक्केवारी काढायला बसलो आहोत. वरचा आकडा लपवलेला, खालचा फुगवलेला. असं असताना दशांश चिन्हापुढं कशाला जायचं?

आता १९८९ कडं येऊ. २५ मे रोजी मॉस्कोत लोकप्रतिनिधींची काँग्रेस सुरू झाली. तिचं कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं, लोक कामधंदा सोडून बघत होते. ३० मे रोजी गोर्बाचेव्ह यांनी सांगितलं : यंदाचा संरक्षण खर्च ७७.३ अब्ज रुबल. आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हाच आकडा २०.२ अब्ज होता! मागोमाग फोडही आली. शस्त्रखरेदी ३२.६ अब्ज, संशोधन १५.३, सैन्याची देखभाल २०.२, बांधकाम ४.६, निवृत्तिवेतन २.३ आणि अण्वस्त्रांसाठी २.३. यातली देखभालीची रक्कम बघा, २०.२. इतकी वर्षं 'संरक्षण' म्हणून जगाला दाखवलं जात होतं ते बहुतांशी एवढंच होतं. उपपरराष्ट्रमंत्री पेत्रोव्स्की यांनी १९८७ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या एका परिषदेत तसं मान्य केलं होतं, की त्या ओळीत शस्त्रखरेदी आणि संशोधन धरलेलं नसतं.

७७.३ अब्ज म्हणजे सोव्हिएत राष्ट्रीय उत्पादनाच्या आठ-नऊ टक्के. सीआयए तेव्हा १५ ते १७ टक्के म्हणत होती. आणि अकरा महिन्यांनी, १९९० च्या एप्रिलमध्ये, उरल भागातल्या निझ्नी तागिल या शहरात खुद्द गोर्बाचेव्ह बोलून गेले, की आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या १८ टक्के संरक्षणावर घालवतो. इथं एक सावधगिरी हवी. सोव्हिएत हिशोबातलं 'राष्ट्रीय उत्पन्न' म्हणजे आपलं नेहमीचं राष्ट्रीय उत्पादन नव्हे. त्यात शिक्षक, डॉक्टर अशांच्या सेवा धरल्या जात नसत, त्यामुळं तो छेद लहान. पण हा फरक धरूनही ७७.३ आणि १८ टक्के यांचा मेळ बसत नाही. एकाच माणसाच्या तोंडून, एका वर्षाच्या आत, दोन न जुळणारे आकडे.

मग खरा आकडा कुठला? आमच्या पिढीच्या मनात असं चित्र होतं, की क्रेमलिनमध्ये कुठंतरी एक तिजोरी असेल, तिच्यात दुसरी वही असेल, आणि त्या वहीत खरा हिशोब असेल. राजवट गेल्यावर ती वही बाहेर येईल. राजवट गेली. मार्क हॅरिसन यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं अभिलेखागारांत बसले. बरंच काही मिळालं. सगळ्या शंका मिटवणारी ती दुसरी वही मिळाली नाही. गोर्बाचेव्ह यांनी आठवणींत लिहिलं आहे, की अंद्रोपोव्ह यांच्या काळात त्यांनी आणि रिझ्कोव्ह यांनी अर्थसंकल्प बघायला मागितला, तेव्हा अंद्रोपोव्ह हसले आणि तिथं तुम्हाला प्रवेश नाही अशा अर्थाचं काही बोलले. मंडळी, यातला एक पॉलिट ब्युरोचा सदस्य, दुसरा पक्षाचा आर्थिक विषयांचा सचिव. देश चालवणारी माणसं ही, आणि घरचा जमाखर्च त्यांनाच बंद.

पण आमच्या मते गुप्तता हे अर्धंच कारण. समजा सगळी कपाटं उघडली असती, तरी त्यातला रुबल खरा होता का?

सोव्हिएत व्यवस्थेत किमती बाजारात ठरत नसत, सरकारी समितीत ठरत. मोठी फेरतपासणी होई ती बारा-पंधरा वर्षांनी : १९५५, १९६७, १९८२. कच्चा माल आणि ऊर्जा मुद्दाम स्वस्त ठेवलेली. भांडवलावर कितीतरी वर्षं व्याज धरलंच जात नव्हतं, जमिनीला भाडं नाही. आपल्याकडं शेतमालाच्या हमीभावाचा वाद असतो ना, की खर्चात फक्त बियाणं-खत-मजुरी धरायची, घरच्यांच्या राबण्याचे पैसे धरायचे, की जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याजही धरायचं? तीन रीतींनी तीन वेगळे खर्च येतात. तसंच रणगाड्याचं होतं. कारखान्याच्या वहीतली किंमत ही पहिल्या, सगळ्यांत तोकड्या रीतीची.

त्यात अग्रक्रमाची व्यवस्था. शस्त्रांच्या कारखान्यात लष्कराचा प्रतिनिधी बसलेला असे. तो माल पारखून घेई, नापास करू शके. साध्या कारखान्यात असा कुणी नसे. उत्तम पोलाद, उत्तम यंत्रं, विद्यापीठातून निघालेली पहिल्या दर्जाची मुलं लष्कराकडं. जे उरेल ते बाकीच्यांकडं. वहीत एक टन पोलादाची किंमत दोन्हीकडं सारखी लिहिली असेल, पण निवडून घेतलेला टन आणि उरलेला टन सारखे कसे? हा फरक कुठल्याच ओळीत उतरत नव्हता. शिवाय युद्ध झालंच तर उत्पादन वाढवता यावं म्हणून कारखान्यांत जास्तीची क्षमता आणि मालाचे साठे राखून ठेवलेले असत. तोही खर्चच, पण 'संरक्षण' म्हणून त्याची नोंद नाही.

आपल्यापैकी ज्यांची साठी-सत्तरी उलटली आहे त्यांना या रुबलचा हात लागलेला आहे. आम्ही कॉलेजात असताना सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं लागत. जाड पुठ्ठ्याची बांधणी, छान कागद, मराठी भाषांतरंसुद्धा, आणि किंमत चहा-भज्यांच्या भावात. हे एवढ्यात कसं परवडतं, असं आम्ही तेव्हा विचारलंच नाही. तिकडं नाशिकजवळ ओझरला मिग-२१ विमानं सोव्हिएत परवान्यानं तयार होत होती. सोव्हिएत शस्त्रं आपल्याला कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या कर्जावर मिळत आणि फेड रुपयांत, म्हणजे शेवटी चहा, कापड, औषधं अशा मालात होई. सोव्हिएत संघ गेला, रुबल कोसळला, आणि प्रश्न आला, की आपल्या डोक्यावरचं जुन्या रुबलमधलं कर्ज आता किती रुपयांचं? बाजारात रुबलला किंमत उरली नव्हती. करारातल्या दरानं मात्र ते कर्ज अजस्त्र होतं. १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले, तेव्हा वाटाघाटी करून दर आणि हप्ते ठरवावे लागले. रुबल म्हणजे नक्की किती, याचं उत्तर शोधून सापडणारं नव्हतं, बसून ठरवावं लागलं, याला हा कोरडा, कागदोपत्री पुरावा आहे.

आता ओझं. आकडा पक्का नाही म्हणून ओझं नव्हतं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पाठीवरच्या पोत्याचं वजन सांगता आलं नाही तरी पाठ वाकलेली दिसतेच.

ओझं म्हणजे काय? या पैशात, या माणसांत, या यंत्रांत दुसरं काय झालं असतं, हा प्रश्न. हॅरिसन यांच्या हिशोबानं १९४० मध्ये सोव्हिएत राष्ट्रीय उत्पादनाचा १७ टक्के भाग संरक्षणावर जात होता. १९४२ मध्ये ६१ टक्के. ते ओझं लोकांनी उपाशी राहून उचललं, कारण शत्रू स्तालिनग्राडला होता. १९७५ मध्ये शत्रू दारात नव्हता. ओझं आकड्यानं लहान होतं, पण रोजचं होतं, आणि कशासाठी ते कुणी विचारू शकत नव्हतं.

ब्रेझनेव्ह यांनी १९७१ च्या पक्ष अधिवेशनात अभिमानानं सांगितलं, की संरक्षण उद्योगाचं ४२ टक्के उत्पादन नागरी उपयोगाचं असतं. खरंच, दूरचित्रवाणी संच, रेडिओ, शिवणयंत्रं शस्त्रांच्या मंत्रालयांचेच कारखाने बनवत. याची दुसरी बाजू अशी, की साधं शिवणयंत्र नीट बनवायलाही शस्त्रांच्या कारखान्याखेरीज दुसरी जागा उरली नव्हती. निझ्नी तागिलचा प्रचंड कारखाना नावानं रेल्वेचे डबे बनवणारा. तिथूनच टी-७२ रणगाडे बाहेर पडत. १९९० च्या सुरुवातीला सोव्हिएत सरकारनं आपल्याकडं सुमारे ६४ हजार रणगाडे असल्याचं सांगितलं. त्याच वेळी दुकानांत साबणासाठी रांगा होत्या.

आणखी एक आकडा. सोव्हिएत संघात हजार जन्मांमागं वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचं प्रमाण १९७१ मध्ये सुमारे २३ होतं, १९७४ मध्ये सुमारे २८ झालं. त्यातली काही वाढ मध्य आशियात नोंदणी सुधारल्यामुळं असेल, असं अभ्यासक सांगतात. पण सरकारनं काय केलं? आकडा छापणंच थांबवलं. रणगाड्यांचा खर्च लपवणाऱ्या हातांना बालमृत्यू लपवणं जड गेलं नाही. आम्हाला वाटतं, ओझ्याचा हा भाग टक्केवारीत कधीच येत नाही. जे सरकार एक आकडा झाकायला शिकतं, त्याला दुसरे आकडे दिसेनासे होतात.

मग या खर्चानंच सोव्हिएत संघ बुडाला का? रेगन यांनी शस्त्रस्पर्धा वाढवून त्याचं दिवाळं काढलं, असं एक लोकप्रिय कथानक आहे. आम्हाला ते फार सोपं वाटतं. लष्करी खर्चाचा मोठा डोंगर त्याच्या आधीच दहा-वीस वर्षं उभा होता. आणि १९८३ ची दुरुस्ती सांगते, की तो त्या काळात सावकाश वाढत होता. १९८६ मध्ये तेलाचे भाव पडले, अर्थसंकल्पातली तूट वाढली, अर्धवट सुधारणांनी जुनी व्यवस्था मोडली आणि नवी बसली नाही, प्रजासत्ताकं निघून जाऊ लागली. ही कारणं बाजूला ठेवता येत नाहीत. पण हेही खरं, की दशकानुदशकं जिथं उत्तम ते सगळं एकाच दिशेला गेलं, तिथं वळायची वेळ आल्यावर बाकीची अर्थव्यवस्था पांगळी निघाली.

विताली श्लिकोव्ह हे सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातले जुने अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ. त्यांनी नंतर लिहिलं, की सोव्हिएत सेनामुख्यालयानं अमेरिकेच्या युद्धकालीन शस्त्रनिर्मितीची क्षमता भलतीच फुगवून धरली होती, आणि तिच्याशी बरोबरी करायच्या नादात देशाची सगळी उद्योगव्यवस्था युद्धाच्या तयारीला जुंपली. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसून काही जण मॉस्कोची सावली मोजत होते, आणि मॉस्कोत बसून काही जण वॉशिंग्टनची. दोन्हीकडच्या सावल्या माणसापेक्षा मोठ्या होत्या, आणि बिलं मात्र खरी फाटत होती.

सीआयएच्या लोकांची आज टिंगल करणं सोपं आहे. आम्ही ती करणार नाही. त्यांनी आपली पद्धत लिहून ठेवली, चुका झाल्या तेव्हा त्या कागदावर मान्य केल्या. सेनेटर प्रॉक्समायर यांच्या उपसमितीपुढं त्यांच्या उलटतपासण्या झाल्या, त्या छापल्या गेल्या. म्हणून तर आज आपण इथं बसून त्यांच्यावर बोलू शकतो. मॉस्कोत अशी उलटतपासणी घेणारं कुणी नव्हतं. दोन्ही ठिकाणी अज्ञान होतं. एका ठिकाणी ते अज्ञान आहे असं म्हणायची सोय होती.

तेव्हा शेवटी एवढंच. अमुक देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या अमुक टक्के संरक्षणावर खर्च करतो, असं आजही रोज कानावर पडतं. आकडा चीनचा असो, रशियाचा असो, पाकिस्तानचा असो की आपला, तीन गोष्टी विचारायची सवय लावून घेऊ : मोजलं कुणी, कुठल्या किमतीनं मोजलं, आणि भागलं कशानं. आणि चौथी गोष्ट, जी आकड्याच्या बाहेरची आहे : हा खर्च ज्यांच्या ताटातून जातो, त्यांना तो विचारायची मुभा आहे का? निझ्नी तागिलच्या कामगारांना १८ टक्क्यांचा आकडा ऐकायला १९९० उजाडावं लागलं. ते रणगाडे त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवले होते.

इथं थांबतो. पुढच्या वेळी १९९२ नंतरच्या रशियाकडं जाऊ. शस्त्रांची सरकारी मागणी एका फटक्यात कापली गेली, तेव्हा या बंद शहरांचं आणि तिथल्या माणसांचं काय झालं, ते बघू. आता आपले प्रश्न येऊ द्या. आकडे विचारलेत तर जपून उत्तर देऊ, एवढं आज तुम्ही समजून घ्याल.